शादराकच्या दारापर्यंत

लेक हायकाला जुळ्या मुली झाल्या त्या वर्षी, म्हणजे दोन हजार चौदा साली, मार्च महिन्यात तिच्या बापाच्या, एलिसारियाच्या, उजव्या अंगावरून वारं गेलं. आणि त्याच वर्षी नाताळात, त्याला घरी ठेवायचं की न्यायचं, यावरून घरात दोन तट पडले.

नाताळला आमच्या डोंगरावरचं माणूस खाली राहत नाही. पोटापाण्यासाठी कुठंही गेलेलं असो, डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात ते वर येतंच. अमिनिएल थोरला मुलगा. तो दार-एस-सलामहून चोवीस तारखेला दुपारी पोचला आणि पोरंबाळं गाडीतून उतरायच्या आतच आईला म्हणाला, "सोमवारी आम्ही परत निघू. बाबा आमच्याबरोबर येतील."

मंका केळी सोलत होती. तिनं मान वर केली नाही. "त्यांना विचारलंस?"

"विचारून काय सांगणारेत ते? बोलतात कुठं?"

एलिसारिया ओसरीवर खुर्चीत बसला होता. डिसेंबरच्या उन्हातही मांडीवर घोंगडी होती. अमिनिएलनं वाकून हात पुढं केला, तेव्हा त्यानं डावा हात दिला. उजवा मांडीवर मिटलेला तसाच राहिला. तोंडाच्या कोपऱ्यातून लाळ आली, ती मंकानं पदरासारख्या खांद्यावरच्या कापडानं टिपली, सवयीनं, बोलता बोलता.

अमिनिएलला ते बघवलं नाही. याच माणसानं तीस वर्षं वरच्या पाटाचं पाणी वाटलं होतं. कुणाच्या बागेत किती वेळ पाणी जाईल हे तो सांगायचा आणि चाळीस घरं निमूट ऐकायची. लहानपणी बाप पाटावरून येताना दिसला की अमिनिएल हातातलं काम दुप्पट वेगानं करायचा. आता या बापाला कुणी घास भरवला तर खातो, नाही भरवला तर नाही.

"डोक्यावरही परिणाम झालाय," तो संध्याकाळी हायकाला म्हणाला. "नाहीतर काकूच्या मातीला कुणी हसेल का?"

ते सगळ्यांना माहीत होतं. ऑगस्टमध्ये शादराकची बायको वारली. शादराक एलिसारियाचा धाकटा भाऊ, घर पाटाच्या पलीकडं, चढावर. केळीच्या बागेत खड्डा खणला होता, सगळी मंडळी जमलेली, पाद्रीबुवांची प्रार्थना चालू. पेटी खाली सोडायला लागले आणि एलिसारिया हसायला लागला. मोठ्यानं. थांबेचना. लोक वळून वळून बघू लागले, मंकानं त्याच्या तोंडावर हात दाबला तरी हसू बोटांच्या फटींतून येत राहिलं. त्या दिवसापासून शादराकनं या घराची पायरी चढली नव्हती.

"ते हसणं दुखण्याचं असतं, दादा," हायका म्हणाली. ती अरुशाला शाळेत शिकवायची. एक मुलगी पाठीला, एक मांडीवर. "लेमाबाईंनी मला समजावून सांगितलं. मेंदूतली कडी निखळते. हसू नको तिथं हसू येतं, रडू नको तिथं रडू. आतून माणूस वेगळंच काहीतरी भोगत असतो."

लेमाबाई म्हणजे खालच्या इस्पितळातून मोटारसायकलवर येणारी व्यायाम शिकवणारी बाई.

"आतून काय ते त्या बाईला कसं दिसतं?"

"आणि तुला कसं दिसतं?"

धाकटा ओंबेनी चुलीजवळ बसला होता. आमच्याकडं शेंडेफळ घरी राहतं आणि आईबापांना बघतं, तसा तो राहिला होता. तो हळूच म्हणाला, "सप्टेंबरात त्यांनी सुताराकडं फळ्या बघायला सांगितल्या. स्वतःच्या पेटीसाठी." त्यानं चुलीतलं लाकूड आत सारलं. मग म्हणाला, "दादा न्यायचं म्हणतोय तर नेऊ दे. मला तरी काही सुचत नाही."

त्याची बायको अनांडे भांडी घासत होती. तिचा हात थांबला.

*

नाताळच्या दिवशी पहाटे अमिनिएल ओरडण्यानं जागा झाला.

"उठा! ... बसा! उठा! ... बसा! कसलं हो हे बसणं? पोतं टाकल्यासारखं! हळू बसा. पुन्हा. उठा!"

तो अंगावर शर्ट न घालताच बाहेर धावला. अंगणात त्याचा बाप स्टुलावरून उठत होता आणि बसत होता. समोर अनांडे उभी. दोघांच्या मध्ये एक हातभर लांब काठी, तिचं एक टोक सासऱ्याच्या डाव्या मुठीत, दुसरं सुनेच्या हातात. सुनेनं सासऱ्याच्या अंगाला हात लावायचा नाही ही आमची रीत. म्हणून ती काठी.

"हे काय चाललंय?"

"सोळा," अनांडे म्हणाली. "वीस व्हायचेत. दादा, जरा बाजूला व्हा, त्यांना समोरचं झाड दिसायला हवं."

"अगं, तू माझ्या बापाला बकरीसारखं हाकतेयस!"

"बकरी माझं ऐकत नाही. बाबा ऐकतात. सतरा!"

शेजारची म्हातारी कुंपणापलीकडून ओरडली, "अमिनिएल! आलास होय! रोज पहाटे असंच असतं बाबा! आम्हाला कोंबडा पाळायची गरज राहिली नाही!"

अमिनिएलचे कान तापले. वीस झाल्यावर अनांडे काठीचं टोक धरून सासऱ्याला पाटाच्या दिशेनं घेऊन गेली. तो उजवा पाय अर्धवर्तुळात फेकत चालला होता. अमिनिएल बघत उभा राहिला. बाप चालतो हे त्याला कुणी फोनवर सांगितलं नव्हतं. पण तसलं चालणं बघून त्याला आनंद झाला नाही.

चर्चला जायच्या आधी त्यानं अनांडेला गाठलं. "तू मनापासून करतेस हे मला कळतं. पण त्यांचं वय एकाहत्तर आहे. त्यांनी आयुष्यभर कष्ट केले. आता तरी त्यांना आराम दे. माझ्याकडं सहाव्या मजल्यावर घर आहे, लिफ्ट आहे, कामाला मुलगी आहे. पाणीसुद्धा उठून घ्यावं लागणार नाही."

"तेच तर," अनांडे म्हणाली.

"तेच काय?"

 थोरल्या दिराशी वाद घालायची तिला सवय नव्हती. पण मग बोललीच.

"माती झाल्यावर बाबा खुर्चीत बसले ते बसलेच. सत्तर दिवस. तुम्ही सगळे फोनवर सांगत होता, आराम करू दे, आराम करू दे. आम्ही करू दिला. जेवण तोंडात, पाणी तोंडाशी. ते दिवसेंदिवस खाली खाली जात होते. मग लेमाबाई आल्या. म्हणाल्या, अंग थांबलं की मन खाली बसतं, मन बसलं की अंग हलत नाही. कुठलं तरी एक टोक धरून ओढा. मी म्हटलं, कुठलं ओढू? त्या म्हणाल्या, त्यांना कशाचा राग येतो?"

"मग?"

"नोव्हेंबरात आपल्या पाण्याची पाळी होती. हे बाजाराला गेलेले. मी पाटाचं तोंड उघडलं आणि चुकून पाणी कॉफीकडं सोडलं. केळी कोरडी. मागं काठी आपटल्याचा आवाज आला. बघते तर बाबा खुर्चीतून उठलेले, स्वतःच्या स्वतः, धडपडत येतायत आणि ओरडतायत. 'वर! वर, अगं मूर्ख!' फळ्यांचं सोडलं तर सत्तर दिवसांत पहिला शब्द." ती हसली. "मला इतका आनंद झाला मूर्ख म्हटल्याचा."

"आणि पुढच्या पाळीला?"

"पुढच्या पाळीला मी पुन्हा चुकले. दादा, मी अजून चुकतेच आहे."

 चर्चमध्ये अमिनिएल प्रार्थनेकडं लक्ष न देता वडिलांच्या उजव्या हाताकडं बघत बसला. आणि तिथं शेवटच्या गाण्याला एलिसारिया हुंदके देऊन रडायला लागला. पुढच्या बाकावर बसलेल्या शादराकनं मागं वळूनही पाहिलं नाही. लोकांनी माना खाली घातल्या. अमिनिएलनं बापाला उचलल्यासारखं धरून बाहेर नेलं आणि त्याचं ठरलं ते ठरलं. सोमवारी न्यायचं.

*

सव्वीस तारखेला बकरा कापला.

आमच्याकडं बकऱ्याचे वाटे हा काही नुसता खाण्याचा प्रकार नाही. कुठला तुकडा कुणाचा हे ठरलेलं असतं. छाती घरातल्या वडीलधाऱ्याची, मागची मांडी कुणाची, मान कुणाची, भावाचा वाटा कुठला, लेकीचा कुठला. पोराटोरांना सुद्धा पाठ असतं. आणि बाप जिवंत आहे तोवर पहिली सुरी तोच चालवतो. पुढचं काम तरणे करतात, पण पात्याचा पहिला स्पर्श बापाचा.

केळीच्या पानांवर बकरा ठेवला होता. नात्यातले दहा-बारा पुरुष भोवती उभे, म्बेगेचा, म्हणजे केळ्यांच्या दारूचा, भोपळा या हातातून त्या हातात. एलिसारियाला खुर्चीसकट आणून सावलीत बसवलं. ओंबेनीनं सुरीला धार लावून ती पानावर ठेवली.

अमिनिएलनं सुरी उचलली. बापाचा हात चालत नाही, चारचौघांत त्याची लाज जाऊ नये, एवढंच त्याच्या मनात होतं. "बाबा, तुम्ही बसा निवांत," तो म्हणाला आणि त्यानं छातीवर पातं टेकवून ओढलं. छातीचा तुकडा काढून मंकाकडं दिला. "आई, याचं बारीक करून सूप कर. त्यांना चावत नाही."

 म्हातारा सोलोमोन, मंकाचा भाऊ, भोपळा तोंडाशी नेता नेता थांबला.

एलिसारियानं तोंड उघडलं. आवाज आला नाही. मग खांदे हलले आणि तो रडायला लागला, कालच्यासारखाच, मोठ्यानं, लहान मुलासारखा.

"झालं सुरू," अमिनिएल पुटपुटला. "बघितलंत ना सगळ्यांनी? मी म्हणतो ते खोटं आहे का? आत घेऊन चला त्यांना."

"हे दुखण्याचं रडणं नाही."

सगळे वळले. अनांडे केळीच्या खुंटाजवळ उभी होती. पुरुष वाटे घालत असताना तिथं सुनेनं बोलायचं नसतं.  "दुखण्याचं रडणं मला ओळखू येतं. ते लगेच थांबतं. हे तसलं नाही. दादा, तुम्ही त्यांची सुरी घेतलीत."

"अनांडे!" ओंबेनी ओरडला.

"तू गप," हायका म्हणाली. ती ओसरीवरून खाली उतरली होती. "बरोबर बोलतेय ती. बाप असताना थोरल्यानं सुरी घेतली म्हणजे काय झालं, माहितेय ना तुला, दादा? मेल्यावर घेतात ती. आणि डावा हात धडधाकट आहे त्यांचा. विचारलंस एकदा तरी?"

"मी त्यांची अब्रू राखायला गेलो!"

"अब्रू राखायला त्यांना आधीच पुरलंस."

अमिनिएलनं सुरी खाली टाकली. त्याचे डोळे लाल झाले होते. "आई, तू सांग. तूच सांग यांना. तू काय म्हणशील ते."

सगळ्यांना वाटलं, मंका एलिसारियाची बाजू घेणार. मंका हातात तो छातीचा तुकडा धरून उभी होती. तिनं तो पानावर परत ठेवला, हात पुसले.

"घेऊन जा यांना," ती म्हणाली.

हायका बघतच राहिली. "आई?"

"नऊ महिने. नऊ महिन्यांत मी एक रात्र सलग झोपलेले नाही. कूस बदलायला उठवतात, लघवीला उठवतात. पहाटे ही 'उठा-बसा' म्हणते ते बरंय, पण दिवसभर कपडे कोण धुतं? फळ्या बघायला सांगितल्या तेव्हा ते कुणाला सांगितलं? मला. तुम्ही सगळे बाबा कसे आहेत विचारता. आई कशी आहे म्हणून एकाचा तरी फोन आला?" ती खाली बसली. "मला राग नाही. मी दमलेय. ने त्यांना, अमिनिएल. सहावा मजला तर सहावा मजला."

 अनांडेची मान खाली गेली. नऊ महिने ती सासऱ्याच्या पायांकडं बघत होती, सासूच्या डोळ्यांखाली काय झालंय ते तिनं बघितलं नव्हतं.

तेव्हा एलिसारिया बोलला.

"शा...दराक."

"काय बाबा?"

"शादराकचा... वाटा." त्यानं डाव्या हातानं पानावरच्या मांसाकडं बोट दाखवलं. प्रत्येक शब्द तो विहिरीतून ओढून काढल्यासारखा काढत होता. "मी... नेतो. चालत."

"बाबा, तो चढ आहे. मी गाडीनं देऊन येतो."

"मी."

अमिनिएलचा संयम सुटला. "ठीक आहे! जा! काकांच्या दारापर्यंत स्वतःच्या पायांनी जाऊन परत आलात, तर मी एक शब्द बोलणार नाही. राहा इथंच. नाही जमलं तर सोमवारी गाडीत बसायचं. कबूल?"

बोलला आणि लगेच त्याला वाटलं, हे आपण काय बोललो. पण बापानं मान हलवली होती, आणि बारा माणसांनी ती बघितली होती.

*

एलिसारिया कुंपणाजवळ गेला. कुंपणाला इसालेच्या झुडपांची रांग होती, तशी सगळ्यांच्याच असते. आमच्यात कुणाचं मन दुखवलं तर इसालेचं पान घेऊन जातात. पानाला गाठ मारतात. ते पान पुढं केल्यावर समोरच्यानं राग सोडायचा असतो, बापाचा खून का असेना.

त्यानं पान डाव्या हातानं तोडलं. गाठ मारायला दोन हात लागतात. ओंबेनी पुढं झाला, तर त्यानं मान हलवली. पानाचं एक टोक दातांत धरलं, दुसरं डाव्या हातानं फिरवलं. तीनदा निसटलं. चौथ्यांदा गाठ बसली. मग त्यानं ते पान उजव्या हाताच्या बोटांत एकेक बोट उलगडून खुपसलं. बोटं आपोआप मिटली.

"अंगठा वर, बाबा," अनांडे म्हणाली. आणि काठी पुढं केली.

निघाले. पुढं अनांडे, काठीच्या दुसऱ्या टोकाला एलिसारिया, मागं मांस घेतलेला ओंबेनी, मग एक मुलगी पाठीला बांधून हायका. सगळ्यात शेवटी अमिनिएल, डोक्यावर प्लॅस्टिकची खुर्ची.

"खुर्ची... घरी ठेव," एलिसारिया मागं न बघता म्हणाला.

"बाबा, राहू द्या ना. मी धरलीय, तुम्हाला काय ओझं?"

पाटापर्यंतची वाट त्याच्या पायांना माहीत होती. सहा आठवडे तो रोज ती चालला होता. अनांडे पाणी चुकवते म्हणून. कुठलीही बाई सहा आठवडे तीच चूक करत नाही, हे त्याला पहिल्या आठवड्यातच कळलं होतं. पण ओरडत पाटापर्यंत जाणं त्याला बरं वाटायचं. तेवढा वेळ तो पुन्हा पाटाचा माणूस असायचा. आणि येताना दमलेला असायचा, आणि दमलेल्या माणसाच्या डोक्यात फळ्यांचा विचार कमी येतो, हेही त्याच्या ध्यानात आलं होतं.

त्याला चढाची भीती नव्हती. त्याला भीती होती ती तोंडाची. शादराकच्या दारात जाऊन पुन्हा हसू आलं तर? लेमाबाईनं सांगितलं होतं, येतंय असं वाटलं की ओठांचा चंबू करून हवा बाहेर सोडा, हळू, दिवा विझू नये इतपत. तो चालता चालता हवा सोडत होता.

पाटावर दोन ओंडके टाकले होते. अनांडे उलटी चालत त्यांच्यावरून गेली, तोंड त्याच्याकडं. "डावा. आता उजवा. उचला, घासू नका. डावा."

मधोमध उजवा पाय ओंडक्यांच्या फटीत घासला आणि तो कलला. हायकाच्या तोंडून किंकाळी निघाली. त्याच वेळी बाजूला धप्पकन आवाज झाला. अमिनिएल खुर्ची टाकून नाताळच्या नव्या बुटांसकट पाटात उतरला होता. पाणी गुडघ्यापर्यंत. तो ओंडक्याच्या बाजूनं पाण्यातून चालायला लागला, दोन्ही हात बापाच्या कमरेपासून चार बोटांवर धरून. त्यानं हात लावला नाही.

"जा," तो म्हणाला. "जा बाबा. मी आहे खाली."

एलिसारियानं खाली बघितलं. थोरल्याच्या कपाळावर घाम होता. तो ओंडका पार करून गेला.

चढावर तो चारदा थांबला. चौथ्यांदा खूप वेळ. ओंबेनी म्हणाला, "परत जाऊ या का?" तेव्हा अमिनिएलच म्हणाला, "गप रे. श्वास मोजतायत ते."

*

शादराक दारात बसून एकटाच उकडलेली केळी खात होता, थंडगार, भांड्यातूनच. चार महिन्यांत तो निम्मा झाला होता. आवाज ऐकून त्यानं मान वर केली.

थडगं अंगणाच्या कडेलाच होतं. माती अजून बसलेली नव्हती. एलिसारियाची नजर त्यावर गेली आणि छातीत ते सुरू झालं. त्यानं ओठांचा चंबू केला. हवा सोडली. पुन्हा सोडली. उपयोग झाला नाही. हसू आलं, मोठ्यानं, थडग्यासमोर, भावाच्या तोंडावर.

हायका पुढं धावली. "काका, ते हसत नाहीयेत, शपथ सांगते, ते दुखणं आहे, डॉक्टरसुद्धा..."

"थांब, पोरी."

शादराक उठला. जवळ आला. अगदी जवळ, एक वीत. भावाच्या चेहऱ्याकडं बघत राहिला. तोंड हसत होतं, वाकडं. डोळ्यांतून धारा लागल्या होत्या, आणि त्या डोळ्यांत हसू नव्हतं.

"त्या दिवशी मी तोंडाकडं बघितलं," तो म्हणाला. "डोळ्यांकडं बघायला मला सवड नव्हती. मी बायकोला पुरत होतो."

हसू हळूहळू ओसरलं. एलिसारियानं उजवा हात पुढं केला. कोपरापासून थरथरत वर आला. पान मुठीत होतं, पण मूठ उघडेना. धरणं त्या हाताला जमत होतं, सोडणं जमत नव्हतं. त्यानं डाव्या हातानं उघडायला बघितलं तर शादराकनं तो हात बाजूला सारला आणि भावाचं एकेक बोट स्वतः उलगडलं. करंगळी, अनामिका, मधलं. पान काढून घेतलं.

"तीनशे पावलं यायला चार महिने लावलेस," तो म्हणाला.

एलिसारिया शब्द शोधत होता. सापडले. "चढ... आहे."

शादराक हसला. मग सगळेच हसले, आणि एलिसारियाही हसला, आणि या वेळचं हसू कुठल्या जातीचं आहे ते कुणी तपासलं नाही.

ओंबेनीनं मांस ठेवलं. एलिसारिया ओट्यावर बसला तो जवळजवळ कोसळलाच. पोटऱ्या उडत होत्या, ओठ पांढरे पडले होते. हायकानं पाणी दिलं. सगळ्यांच्या मनात एकच होतं. जाऊन परत, असं ठरलं होतं. परत जाण्याचं त्राण त्याच्या अंगात नव्हतं. शेवटी अमिनिएलच म्हणाला, पडेल आवाजात, "मी गाडी वरच्या रस्त्यानं आणतो."

"कशाला गाडी?" शादराक म्हणाला. हायकानं त्याला पैज सांगितली. तो ऐकून घेऊन म्हणाला, "जाऊन परत. बरं. पण परत कधी, ते ठरलं होतं?"

"म्हणजे?"

"म्हणजे हा आज इथं राहील. उद्याही राहील. माझ्याकडं दोन खाटा आहेत आणि एकच माणूस आहे. सोमवारी सकाळी खाली येईल. तू निघायच्या आधी. बोल, कुठं नियम मोडला?"

"काका, रात्री उठवतात ते. कूस बदलायला."

"मी तरी कुठं झोपतो?" शादराक म्हणाला.

*

सोमवारी सकाळी गाडीत सामान भरून झालं होतं. केळ्यांचे घड, कॉफी, बकऱ्याची भाजलेली तंगडी. पुढच्या दाराशी अमिनिएल उभा होता आणि दर दोन मिनिटांनी पाटाकडं बघत होता.

आधी अनांडेचा आवाज आला. "घासू नका! उचला!" मग ते दिसले. काठीचं एक टोक एलिसारियाच्या हातात, दुसरं या वेळी शादराकच्या. अनांडे नुसतीच बाजूनं ओरडत होती. शादराक म्हणत होता, "ही पोरगी आपल्याला दोघांनाही हाकणार असं दिसतंय."

एलिसारिया अंगणात येऊन उभा राहिला. अमिनिएल त्याच्यासमोर गेला.  मग खिशातून किल्ली काढून म्हणाला, "ठीक आहे. मी हरलो." आणि पुढं म्हणाला, "मला हरायचंच होतं बहुतेक. पण आई जे म्हणाली ते खरं आहे. ते काही पैजेनं मिटत नाही."

"रात्रीचं मी बघेन," शादराक म्हणाला. "मी खाली राहायला येतो. माझ्या घरात मला काय ठेवलंय?"

"कपडे मी धुवेन," ओंबेनी म्हणाला. सगळे त्याच्याकडं बघायला लागले तेव्हा तो चिडला. "काय? हात आहेत ना मला?"

मंका ओसरीवर होती. एलिसारिया तिच्याकडं वळला. पायरीपर्यंत आला. "तू जा," तो म्हणाला.

"कुठं?"

त्यानं गाडीकडं मान हलवली. "झोप... काढ."

"मी? दार-एस-सलामला? आणि तुम्हाला कोण...?" तिनं एकेकाकडं बघितलं. शादराक, ओंबेनी, अनांडे. मग ती एकदम आत गेली. सगळ्यांना वाटलं रागावली. पाच मिनिटांनी ती चर्चला जायचा पोशाख घालून, बोचकं घेऊन बाहेर आली आणि अमिनिएलला म्हणाली, "उघड दार. आणि वाटेत माझ्याशी बोलू नकोस."

पहिल्या वळणाआधीच ती झोपली होती, असं अमिनिएलची बायको नंतर सांगायची.

मंका सात आठवड्यांनी परत आली. एलिसारियाचा उजवा हात पुढं कधी पूर्ण सुटला नाही. हसू आणि रडू यायचं, कमी झालं, पण गेलं नाही. वाईट दिवसही आले. एका पावसाळ्यात तो वीस दिवस खुर्चीतून उठला नाही, आणि अनांडेनं पाटाचं पाणी सलग चार पाळ्या कॉफीत सोडून कॉफी कुजवली, तेव्हा कुठं उठला. दर नाताळला बकऱ्याला पहिली सुरी तो डाव्या हातानं लावायचा. अमिनिएल सुरी हातात द्यायचा आणि दोन पावलं मागं सरायचा.

मंका अजून आहे. शादराक दोन हजार अठरा साली ऑक्टोबरमध्ये झोपेत वारला. एलिसारिया दोन हजार वीस साली, जूनच्या नऊ तारखेला, मंगळवारी सकाळी, दुसऱ्या झटक्यानं वारला. त्याचं वय सत्त्याहत्तर होतं.